आधी ‘नको’ शिकवा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अडीच-तीन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून दाखवायला नेलं आणि ऑटिझम (बोलणं, मिसळणं, आवाज-वास झेलणं हे सगळं जन्मापासून वेगळं असणं) निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: घरात एकच भाषा ठेवा. शाळा पुढे इंग्रजी असणार, म्हणून ती एक भाषा बहुतेक वेळा इंग्रजी ठरते. मग आजीशी मराठी, शेजारच्या अक्कांशी कन्नड आणि बाजारात हिंदी बोलणारं घर एका रात्रीत ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ आणि ‘नो’ एवढ्यावर येतं. ज्या भाषेत आईला धड रागावताही येत नाही, त्या भाषेत ती मुलाशी दिवसभर काय बोलणार? आजी तर गप्पच बसते.

हा सल्ला चुकीचा आहे. कॅनडात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन भाषांत वाढणारी आणि एकाच भाषेत वाढणारी ऑटिस्टिक मुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली. दोन भाषांमुळे जादा मागेपणा आलेला दिसला नाही, आणि नंतरच्या अभ्यासांचा कलही तसाच आहे. उलट भाषा तोडली की मुलाच्या कानावर पडणारं बोलणं कमी होतं, आणि जे उरतं ते फक्त हुकूम असतात. ज्याला जी भाषा मोकळेपणी येते त्याने त्या भाषेत बोलावं. आजीने मराठीत, अक्कांनी कन्नडमध्ये.

भाषा कोणती यापेक्षा मोठा प्रश्न आहे, पहिला शब्द कोणता. थेरपिस्ट मुलाची उद्दिष्टं लिहून देतात त्या वहीत पहिल्या महिन्यात साधारण काय असतं? नाक दाखव, कान दाखव, लाल कुठे, पिवळा कुठे, एक ते दहा. नाक कुठे आहे हे सांगता येऊन त्या मुलाचं काय भागतं, हे आम्हाला कधी कळलेलं नाही. पहिला शब्द ‘नको’ असावा. तोंडाने, हाताने, मान हलवून, कागदावरच्या चित्रावर बोट ठेवून, कसाही. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही ते मूल चावून, जमिनीवर आडवं पडून, वर्गातून पळून ‘नको’ म्हणतं. आपण त्याला ‘वर्तन समस्या’ असं नाव देतो आणि ती कमी करायला पुन्हा पैसे मोजतो.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द रुळला आहे, पण फसवा आहे. त्यातून वाटतं की मूल स्वतःतच बुडालेलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मुलं बाहेरच्या गोष्टींनी बुडालेली असतात: मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास, मानेला टोचणारा गणवेशाचा टॅग, एकदम बदललेला रस्ता. १९९० च्या दशकात ऑटिस्टिक माणसांनी स्वतःबद्दल स्वतः लिहायला सुरुवात केली आणि ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा विचार रुजला. म्हणजे मेंदूंच्या घडणीत फरक असतात, प्रत्येक फरक दुरुस्त करायचा बिघाड नसतो, आणि अडचण मुलात जितकी असते तितकीच भोवतालच्या व्यवस्थेत असते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. चिकोडीच्या बसमध्ये कंडक्टर कन्नडमध्ये बोलतो आणि खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला ते कळत नाही, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोक्यात बिघाड आहे असं कुणी म्हणत नाही.

तक्ता

आता कामाचं. न बोलणाऱ्या किंवा अडल्यावर शब्द हरवणाऱ्या मुलासाठी चित्रांचा तक्ता लागतो. ‘तक्ता दिला तर मूल बोलायचा आळस करेल’ ही भीती निराधार आहे. तक्ता किंवा ॲप वापरल्याने बोलणं थांबत नाही, काही मुलांचं वाढतं. आधी अमुक वयाचं व्हावं, आधी चित्र ओळखता यावं, अशीही अट नसते.

ए-फोर कागद आडवा धरा. पाच उभ्या रांगा, चार आडव्या, म्हणजे वीस चौकोन. प्रत्येक पाच सेंटीमीटर रुंद, साडेचार उंच. हाताबोटांवरचा ताबा कच्चा असेल तर सुरुवातीला सहाच चौकोन पुरतात, पण मग पुढे वीसवर जाताना ते सहा आपापल्या कोपऱ्यातच राहतील असं आधीच आखा. बोटाला जागा पाठ होते. जागा बदलली की मुलाला सगळा शब्द नव्याने शोधावा लागतो. तक्ता ‘सुंदर’ करण्याच्या नादात दर महिन्याला चित्रं हलवणं, यानेच सगळ्यात जास्त तक्ते वाया जातात.

शब्द कोणते? नको, पाहिजे, बास, आणखी, थांब, मदत, जा, ये, दे, दुखतंय, संपलं, काय, कुठे, हे, आवडलं, ‘यात नाही, दुसरं काहीतरी’. उरलेल्या चार चौकोनांत त्या मुलाच्या आवडीच्या गोष्टी घाला. ‘यात नाही’ हा चौकोन लोक विसरतात, आणि मग पोट दुखणारं मूल तक्त्यावर नुसता केळ्याचा चौकोन बडवत बसतं. घरात चालतो तोच शब्द लिहा. घरात ‘पायजे’ म्हणत असाल तर ‘पायजे’च लिहा, तक्त्यावर शुद्धलेखनाला गुण नाहीत. त्याच चौकोनात खाली कन्नड घाला: नकोखाली ‘ब्याडा’, पायजेखाली ‘बेकु’, बासखाली ‘साकु’. शाळेत बाईंना कन्नड लिपी वाचता यावी म्हणून ते कन्नड अक्षरांत लिहा. चित्र एकच, जागा एकच, आवाज दोन.

परदेशी नमुन्यावरून केलेल्या तक्त्यांत एक चूक हटकून दिसते. ‘आय वॉन्ट’चं भाषांतर म्हणून डावीकडे ‘मी’ आणि ‘पाहिजे’ असे दोन चौकोन शेजारी येतात. मूल एकापाठोपाठ एक दाबतं आणि तयार होतं ‘मी पाहिजे पाणी’. असं मराठी कुणी बोलत नाही. आपल्याकडे ‘मला’ लागतं, वस्तू आधी येते, आणि खरं तर ‘पाणी पायजे’ एवढंच पुरतं. म्हणून वस्तू डावीकडे, क्रियापदं उजवीकडे ठेवा, आणि ‘मी’ची घाई करू नका. क्रियापदं आज्ञार्थी, जा, दे, ये, अशीच ठेवा. नाहीतर मुलाला ‘जातो’ आणि मुलीला ‘जाते’ असे वेगवेगळे चौकोन करावे लागतात.

आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागातून आलेलं ‘जेलो’ हे ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं. पण ॲप असलं तरी कागद हवाच. बॅटरी संपते, फोन आंघोळीच्या वेळी आत नेता येत नाही, आणि फोनवर यूट्यूबही असतं. कागद लॅमिनेट करताना कडेने पाच मिलिमीटर नुसती फिल्म सोडा. फिल्म कागदाच्या काठाला कापली तर खानापूरच्या पहिल्या आठवड्याच्या पावसातच पाणी आत शिरतं. चकचकीत फिल्म ट्यूबलाइटखाली चमकते, मॅट मिळाली तर घ्या. चार प्रती काढा: स्वयंपाकघर, दप्तर, न्हाणीघर, आजीकडे. मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवू नका, ते धोक्याचं आहे. दप्तराच्या पट्ट्याला लावा.

मग वापरायचा कसा? मुलाला ‘दाखव, दाखव’ म्हणून नाही. तुम्ही स्वतः बोलताना बोट ठेवायचं. ‘भात संपला’ म्हणताना ‘संपलं’वर बोट. ‘आणखी पायजे?’ म्हणताना दोन्हींवर. मग मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचं. या दहांत घरातलं कुणीतरी मध्ये बोलतंच, ते थांबवणं सगळ्यात अवघड. मुलाने काहीच केलं नाही तर पुढे चला, शिक्षा नाही, हात धरून बोट टेकवणं नाही. महिनोन्‌महिने नुसतं तुम्हीच दाखवत राहाल, आणि त्यात काही बिघडत नाही. बोलणाऱ्या मुलालाही आपण वर्षभर ऐकवतच असतो की.

काही मुलं बोलतात, पण ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतात. बसमधून फिरणारं मूल घराबाहेर पडायचं असलं की कंडक्टरसारखं ‘रैट, रैट’ म्हणतं. ‘पोपटपंची’ म्हणून ते बंद करू नका. त्याला जायचं आहे. ‘होय, चल, जाऊया’ म्हणा, आणि ‘जा’वर बोट ठेवा.

‘नको’ पाळायचं म्हणजे काय

मुलाने पहिल्यांदा ‘नको’वर बोट ठेवलं की थांबायचं. केसात तेल घालणं असेल, घास असेल, मावशीचा पापा असेल, लगेच. सुरुवातीला ते दिवसभर ‘नको’च दाबत राहील, हा लाडावल्याचा पुरावा नाही. शब्द खरंच चालतो का, ते तपासून बघत असतं. इथे घरातली मोठी माणसं नाराज होतात. पाहुण्यांच्या पाया पडायला नको म्हटलं तर लांबून हात जोडून किंवा नुसतं हात हलवून भागवा, आणि पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

औषध, इंजेक्शन, रस्ता ओलांडताना हात धरणं यांत ‘नको’ पाळता येत नाही. तिथे ‘घेणार का?’ असं विचारूच नका, कारण तो प्रश्न खोटा आहे. ‘नको आहे, कळलं. औषध घ्यायचं आहे. चमच्याने की सिरिंजने? दहा मोजते, मग संपलं.’ आणि दहाला खरंच संपवा. एकदा अकरावर गेलात की पुढच्या वेळी मोजणं उपयोगाचं राहत नाही.

आधी शांत असलेलं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, तर आधी डॉक्टर. दात, कान, बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, फेफरं हे सगळं तपासून घ्या. ‘ऑटिझममुळे करतो’ म्हणून किडका दात महिनोन्‌महिने तसाच राहतो.

मेल्टडाउन आणि हट्ट यांत गल्लत करू नका. हट्ट करणारं मूल मधून मधून तुमच्याकडे बघतं, वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये वस्तू देऊनही थांबत नाही, कारण मज्जासंस्था भरून वाहिलेली असते. त्या वेळी दिवा कमी करा, पंखा आवाज करत असेल तर बंद करा, गर्दी बाहेर काढा, आणि बोलू नका. समजावणं हाही आवाजच असतो. न विचारता धरू नका. शांत झाल्यावर पाणी द्या आणि झोपू द्या, त्याच दिवशी बोधामृत पाजू नका.

थेरपीची वही वाचताना

प्रत्येक उद्दिष्टासमोर एकच प्रश्न लिहा: याने कुणाची सोय होते? ‘पाच सेकंद डोळ्यात बघेल.’ आपली. पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की डोळ्यात बघताना त्यांना ऐकू येणं अवघड होतं. त्याऐवजी ‘काही दाखवायचं असेल तर स्वतःच्या पद्धतीने बोलावेल’ असं लिहून घ्या. ‘हात फडफडवणं ८० टक्के कमी.’ खोडून टाका, त्याने कुणाला इजा होत नाही आणि त्या मुलाचा ताण त्यातूनच निघतो. ‘चाळीस मिनिटं खुर्चीत बसेल.’ उभं राहून, जमिनीवर पालथं पडून, झोक्यावर बसून शिकता येत असेल तर खुर्ची कशाला? स्वतःला चावणं, डोकं आपटणं हे मात्र उद्दिष्ट असायलाच हवं, कारण शोधून.

हे सगळं कुठून आलं तेही माहीत असावं. अमेरिकेत इवार लोवास यांचा १९८७ चा अभ्यास गाजला: १९ मुलं, आठवड्याला ४० तास वर्तनोपचार (बक्षीस देऊन वागणं घडवण्याची पद्धत), त्यांतली ९ ‘इतर मुलांसारखी’ झाली असा दावा. त्या उपचारांत शारीरिक शिक्षेचाही वापर होता. ‘चाळीस तास’ हा आकडा तिथूनच जगभर पसरला. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तास वाढवले की फायदा वाढतो याला भक्कम आधार मिळाला नाही. तेव्हा खानापूरहून रोज दोन बस बदलून मुलाला दमवण्याआधी विचार करा. आठवड्यातून एक-दोन चांगली सत्रं आणि आईला तक्ता वापरायला शिकवणं, हे आमच्या मते अधिक मोलाचं आहे.

सेंटरमध्ये विचारा: मी आत बसू का? मूल ‘नको’ म्हणालं तर तुम्ही काय करता? त्याची आवडती गाडी बक्षीस म्हणून कपाटात ठेवता का? सत्र कोणत्या भाषेत? स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांच्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तोही बघा. ‘न्यूरो-अफर्मिंग’ (मुलाचा वेगळेपणा मान्य करणारं) हे आता पाटीवरही लिहितात, त्यामुळे पाटीपेक्षा खोली बघा. दर सत्राला मूल रडत आत जात असेल आणि ‘होईल सवय’ असं उत्तर मिळत असेल, तर निघा. स्टेम सेल (मूळपेशी), चिलेशन (शरीरातले धातू काढायची औषधं), हायपरबॅरिक ऑक्सिजन (दाबाखाली दिलेला ऑक्सिजन) यांच्या जाहिराती दिसल्या तर वळूनही बघू नका. स्टेम सेल संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही.

शाळा, पाऊस, मिरवणूक

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन या दोन रात्री पेठेत राहणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना सगळ्यात जड जातात. कारखान्यात वापरतात तसे कानावर बसणारे इअरमफ घ्या, पण मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. महिनाभर आधी रोज पाच मिनिटं, कुकर लावताना. आवाज सुरू होण्याआधी घालायचे, नंतर नाही. दिवसभरही नको, सतत शांततेत राहिलेला कान आणखी हळवा होतो. जमलं तर त्या रात्री गावाकडे जा.

पावसाळ्यात ओला गणवेश अंगाला चिकटला की पहिला तासच वाया जातो. दप्तरात कोरडा सदरा, जाड टॉवेल आणि मोज्यांऐवजी चप्पल चालेल अशी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी ठेवा. पत्र्याच्या वर्गात जोराचा पाऊस आला तर त्या दहा मिनिटांत शिकवणं ऐकू येत नाहीच. तेव्हा फळ्यावर लिहून द्यायला सांगा. सरकारी शाळेत क्षीर भाग्य योजनेत १५० मिलिलिटर दूध मिळतं. ज्याला त्या वासाने उमासे येतात त्याला ‘सगळे पितात’ म्हणून पाजू नये.

शाळेत ही कामं कुणाकडे? कर्नाटकात तालुक्याच्या पातळीवर समावेशक शिक्षणाचे साधन शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. आपल्या तालुक्यात त्यांना गटशिक्षणाधिकारी कार्यालयात गाठा. बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, निपाणीवाल्यांना चिकोडीकडे जावं लागतं आणि खानापूरवाल्यांना बेळगावकडे.

२०१५ च्या कायद्याने इथे प्रत्येक शाळेत कन्नड सक्तीची आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताने गिरवाव्या लागतात. भाषेचा प्रश्न नसतो, हाताचा असतो. शिरोरेषा ओढणारा हात आणि कन्नडची गोल वळणं काढणारा हात यांच्या हालचाली वेगळ्या. हात दमणाऱ्या मुलासाठी संगणकावरचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड फार कामाचा आहे, कारण ‘क’ची कळ देवनागरीत आणि कन्नडमध्ये एकच असते, ‘प’ची आणि ‘त’चीही. एक मांडणी शिकली की दोन लिप्या हाताशी येतात.

कागदपत्रं

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. ही मोजपट्टी फक्त उणिवा मोजते, हे खरं आहे आणि ते बोचतं. तरी तिथे मुलाची बाजू सावरून सांगू नका. ‘तसं करतो तो, आम्ही मदत केली की’ यातली मदत हाच मुद्दा आहे, ती किती लागते ते सांगा. तपासणारा कन्नड किंवा इंग्रजीत विचारत असेल आणि मुलाला मराठीच कळत असेल, तर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. मराठीत विचारायला लावा आणि तक्ता सोबत न्या.

प्रमाणपत्रात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या ३१ व्या कलमाप्रमाणे ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत किंवा मुलाच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीही येते. त्याचं वर्ष १ एप्रिलपासून मोजतात, नूतनीकरण विसरू नका.

दहावीला लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर नुसतं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) पुरेल असं धरू नका. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे ऑटिस्टिक विद्यार्थ्याला ‘लिहिण्यात अडथळा आहे’ असं सरकारी रुग्णालयाच्या प्रमुखाचं वेगळं प्रमाणपत्र लागायचं. ते असलं की तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळायचा. आता काय लागतं ते परीक्षा मंडळाकडे विचारून घ्या. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, तीन भाषा पेलत नसतील तर एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा हा सरळ मार्ग आहे: पाच विषय, त्यांत भाषा एक पुरते, मराठी माध्यम मिळतं, आणि पाच वर्षांत नऊ संधी.

परीक्षेच्या टेबलावर एक छोटं कार्ड ठेवायची परवानगी मागा. एका बाजूला ‘मला पाच मिनिटं थांबायचं आहे’, दुसऱ्या बाजूला तेच कन्नडमध्ये. मुलाने ते पूर्वपरीक्षेत निदान दोनदा वापरून बघितलेलं असावं, आणि पर्यवेक्षकांना ते आदल्या दिवशीच दाखवलेलं असावं.